भांडवलाची उचल

नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपनीला बाहेरच्या गुंतवणूकदाराकडून पहिली मोठी रक्कम मिळाली की ती बातमी वर्तमानपत्रात छापून येते, गावात सत्कार होतो आणि संस्थापकही निम्मी लढाई जिंकल्याच्या समजुतीत वावरू लागतात. मात्र अशा कंपन्यांचे पुढचे हिशेब तपासले, तर पहिले भांडवल मिळाल्यानंतरच्या दीड-दोन वर्षांतच त्यांपैकी अनेकींनी कुलूप लावलेले आढळते. ज्या घटनेला यश म्हणून मिरवले गेले, तिच्याच पोटात अपयशाची कारणे कशी दडलेली असतात, हे समजून घेण्यासाठी आधी या पैशाचे स्वरूप नीट ओळखावे लागते.

खानदेशाच्या बोलीत या व्यवहाराच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द आहे ‘उचल’. धुळे-नंदुरबार भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला मुकादम हंगामापूर्वी जी रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती केलेल्या कामाची मजुरी नसते आणि मदत तर नसतेच. अजून न झालेल्या ऊसतोडणीची ती आगाऊ किंमत असते, त्यामुळे ती हातात पडताच हंगामाचे दिवस मोजायला सुरुवात होते. स्टार्टअपला मिळणारे भांडवलही असेच आहे. कर्जाप्रमाणे त्याचे हप्ते नसतात, व्याज नसते, कंपनी बुडाली तर संस्थापकाच्या घरावर सहसा जप्ती येत नाही, आणि म्हणूनच ते फुकटचे वाटते. परंतु ते अजून न झालेल्या वाढीवर दिलेले असते आणि ती वाढ ठरलेल्या मुदतीत दिसली नाही, तर पुढची उचल मिळत नाही. ऊसतोड कामगाराला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. अभियांत्रिकीच्या पदवीधराला मात्र पुष्कळदा सांगावे लागते.

काही संज्ञा येथेच स्पष्ट करणे सोयीचे ठरेल. नवे उत्पादन किंवा नवी पद्धत घेऊन, थोड्या काळात खूप मोठे होण्याच्या उद्देशाने काढलेल्या कंपनीला स्टार्टअप म्हणतात. त्यामुळे गावात उघडलेले नवे किराणा दुकान हा उद्योग असतो, पण स्टार्टअप नसतो. कंपनीच्या अगदी सुरुवातीला, उत्पादन चाचणीच्या अवस्थेत असताना मिळणारा पैसा म्हणजे बीजभांडवल. तो स्वतःच्या खिशातून देणाऱ्या धनिक व्यक्तीला एंजल गुंतवणूकदार म्हणतात, आणि इतरांचा पैसा एकत्र करून त्याचा फंड बनवणाऱ्या व त्यातून अशा कंपन्यांत हिस्सा घेणाऱ्या संस्थांना व्हेंचर कॅपिटल, म्हणजे साहस भांडवल संस्था, असे नाव आहे. भारतात या व्यवहाराला सरकारी पाठबळ मिळाले ते 16 जानेवारी 2016 रोजी सुरू झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया’ मोहिमेपासून. 2021 मध्ये केंद्राने 945 कोटी रुपयांची बीजभांडवल योजना आणली, जिच्यात उबवणी (इन्क्युबेशन) केंद्रांच्या मार्फत नमुना तयार करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद होती. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही असे उबवणी केंद्र आहे. म्हणजे पहिला पैसा आता मुंबईच्या पवईत किंवा बेंगळुरूच्या कोरमंगलातच मिळतो असे नाही, तो खानदेशापर्यंत पोचला आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचे धोकेही पोचले आहेत.

दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातील, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे बाजारपेठेचे गाव. लाल मिरचीची आवक, धान्याची आडत आणि 1973 मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड या कंपनीचा मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना यांमुळे तालुक्याच्या गावाहूनही त्याचे व्यापारी वजन मोठे आहे. अशा गावातला एखादा तरुण आज कंपनी काढू पाहतो, तेव्हा त्याची पहिली कल्पना बहुधा मिरचीचीच असते: मधल्या दलालांना वगळून खानदेशी मिरचीचे तिखट मोबाइल ॲपवरून थेट पुण्या-मुंबईच्या घरात पोचवायचे. ही कल्पना ऐकायला उत्तम आहे, म्हणूनच तिची चिरफाड उपयोगी पडते. पुढील विवेचनात हा काल्पनिक उद्योग आणि महाराष्ट्रात खरोखर घडलेली काही उदाहरणे यांचा आलटून पालटून आधार घेतला आहे.

सीबी इनसाइट्स या अमेरिकी संशोधन संस्थेने 2014 मध्ये बंद पडलेल्या 101 स्टार्टअपच्या संस्थापकांनी स्वतः लिहिलेली कारणे एकत्र केली होती. एकाच कंपनीने अनेक कारणे दिलेली असल्याने टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर जाते. तरी 42 टक्के कंपन्यांनी बाजाराला मुळात गरजच नसल्याचे, 29 टक्के कंपन्यांनी पैसा संपल्याचे आणि 23 टक्के कंपन्यांनी योग्य माणसे नसल्याचे कारण दिले होते. 2021 मध्ये याच संस्थेने नवी पाहणी केली तेव्हा क्रम उलटला: पैसा संपणे किंवा नवा न मिळणे 38 टक्के, गरज नसणे 35 टक्के. या आकड्यांचा जगभर फार उदो उदो झाला, पण ते वाचताना थोडी सावधगिरी हवी. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’ असे लिहिलेले असते, आणि ते कोणत्याही मृत्यूबद्दल खरेच असते. पैसा संपला हे कारणही त्याच जातीचे आहे. खरा प्रश्न असा, की तो संपत आला आहे हे दिसत असताना कंपनीला दुसरा मार्ग का सापडला नाही.

याचे उत्तर बहुतेक वेळा गिऱ्हाइकाजवळ असते. खानदेशातील घरांत उन्हाळ्यात वर्षभराचे तिखट कांडपावरून कुटून आणण्याची रीत आहे, आणि पुण्यात स्थायिक झालेले खानदेशी कुटुंबही गावाहून येणाऱ्या पाहुण्याच्या हाती डबा मागवते. त्यामुळे चांगल्या तिखटाची गरज निर्विवाद असली, तरी ते ॲपवरून विकत घेण्याची गरज किती जणांना आहे, हा वेगळा प्रश्न ठरतो. ओळखीच्या पन्नास जणांनी ‘छान आहे, आम्ही घेऊ’ असे म्हणणे आणि अनोळखी पन्नास जणांनी पुरी किंमत मोजून दुसऱ्यांदा मागवणे यांत जे अंतर आहे, ते ओलांडले गेले की उत्पादनाला त्याचा बाजार सापडला असे म्हणतात. पहिले भांडवल पुष्कळदा हे अंतर ओलांडण्यापूर्वीच मिळते, कारण एंजल गुंतवणूकदार कल्पनेवर आणि माणसावर पैसा लावतो. तो गुंतवणूकदाराचा होकार असतो, आणि संस्थापक तो गिऱ्हाइकाचा होकार समजून चालतो. पुढच्या सर्व चुका या एका गैरसमजातून फुटतात.

पैशाचा पहिला दुष्परिणाम असा, की तो दोष झाकतो. समजा, एक किलो तिखट 450 रुपयांना विकले जाते. मिरची, दळण आणि घट मिळून 260 रुपये, पाकीट-खोक्याचे 25, कुरिअरचे 75, पैसे वळते करण्याचे शुल्क व परत आलेला माल यांचे 20, असा 380 रुपये खर्च वजा जाता कंपनीच्या हाती 70 रुपये उरतात. एका ऑर्डरमागे काय उरते याच्या या हिशेबाला स्टार्टअपच्या भाषेत युनिट इकॉनॉमिक्स म्हणतात, आणि आडतीवर बसणारा कोणताही व्यापारी तो पाटीवर खडूने मांडू शकतो. आता मागणी वाढावी म्हणून 20 टक्के सूट दिली, तर 90 रुपये जातात आणि प्रत्येक किलोमागे 20 रुपयांचा तोटा सुरू होतो. शिवाय एक नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जाहिरातीवर 200 रुपये पडत असतील, तर तो खर्च भरून निघायला सूट न देता तीन ऑर्डरी लागतात. वर्षाला दोनच किलो तिखट घेणाऱ्या कुटुंबाकडून तिसरी ऑर्डर येईपर्यंत वर्ष उलटून जाते. स्वतःच्या पैशावर चालणारा दुकानदार हा तोटा महिनाभरात ओळखून सूट बंद करतो, कारण गल्ला रिकामा होतो. साठ लाख खात्यात असलेल्या कंपनीचा गल्ला रिकामा होत नाही, उलट ऑर्डरींचा आलेख वर चढताना दिसतो, आणि सवलतीने विकत घेतलेली गर्दी ही मागणी म्हणून पुढच्या गुंतवणूकदाराला दाखवली जाते.

याच हिशेबाला मुदतीची बाजूही आहे. कंपनी दरमहा जितके मिळवते त्याहून जास्त जितके खर्च करते, त्या फरकाला बर्न रेट म्हणतात, आणि शिल्लक रक्कम त्या वेगाने किती महिने पुरेल याला रनवे, म्हणजे विमानाची धावपट्टी, असे नाव आहे. साठ लाख शिल्लक, दरमहा सहा लाख खर्च आणि एक लाख उत्पन्न असेल तर धावपट्टी बारा महिन्यांची होते. पुढचे भांडवल उभे करण्यास भेटीगाठी, तपासणी आणि करारमदार धरून सहा महिने सहज जातात, म्हणून प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी उरतात सहाच महिने. ज्या तिखटाच्या गिऱ्हाइकाचा खर्च वसूल व्हायलाच वर्षाहून अधिक काळ लागतो, त्या उद्योगाने बारा महिन्यांची धावपट्टी घेऊन निघणे म्हणजे पेरणीनंतर पंधरा दिवसांत कापणीची तारीख देण्यासारखे आहे. तरीही बहुतेक संस्थापक हातातली रक्कम मोजतात आणि महिने मोजत नाहीत.

महाराष्ट्रात या सर्व गोष्टी एकत्र आल्याचे ठळक उदाहरण म्हणजे टायनीआउल. आयआयटी मुंबईच्या पदवीधरांनी 2014 मध्ये पवईत सुरू केलेली ही कंपनी मोबाइल ॲपवरून उपाहारगृहांतील जेवण मागवण्याची सोय देत असे. उत्पादन चांगले होते, वापरायला सोपे होते, आणि जेवण घरी मागवण्याची गरजही खरी होती, हे पुढील दहा वर्षांनी सिद्ध केलेच आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये मेट्रिक्स पार्टनर्स, सिकोया आणि नेक्सस या नामांकित संस्थांनी तिच्यात सुमारे 100 कोटी रुपये गुंतवले. त्यानंतर काही महिन्यांतच कंपनीने अनेक शहरांत कार्यालये उघडली, शेकडो माणसे नेमली आणि ऑर्डरी वाढवण्यासाठी सवलतींचा मारा केला. सप्टेंबर 2015 मध्ये कर्मचारी कपात सुरू झाली, आणि नोव्हेंबरमध्ये पुण्यासह चार शहरांतील कामकाज गुंडाळून आणखी शंभरावर लोकांना कमी करण्यात आले. पुण्याच्या कार्यालयात तर नोकरी गमावलेल्यांनी, मिळणाऱ्या भरपाईचे धनादेश वटतील की नाही या शंकेने, तेथे आलेल्या एका सहसंस्थापकाला दोन दिवस बाहेर पडू दिले नाही, आणि ही घटना देशभर गाजली. 2016 च्या मध्यापर्यंत कंपनी मुंबईपुरती उरली, रोडरनर या मालवाहू सेवेत विलीन होऊन ‘रनर’ झाली आणि सप्टेंबर 2017 मध्ये ती रनरही झोमॅटोने विकत घेतली.

या घटनाक्रमातील तारखा पाहण्यासारख्या आहेत: शंभर कोटी मिळाल्यापासून पहिल्या कपातीपर्यंत जेमतेम सात महिने गेले. टायनीआउलच्याच वर्षी, ऑगस्ट 2014 मध्ये, बेंगळुरूत सुरू झालेल्या स्विगीने आधी कोरमंगला या एका परिसरात स्वतःची पोचवणारी माणसे ठेवून काम बसवले, आणि मगच हातपाय पसरले. ऑर्डर घेणे हा या धंद्यातला सोपा भाग असून गरम जेवण अर्ध्या तासात दारात पोचवणे हा अवघड भाग आहे, हे एका परिसरात काम करतानाही कळते. ते न कळता सहा शहरांत एकाच वेळी काम केल्यास तीच चूक सहा पट महाग पडते. कामाची पद्धत बसण्यापूर्वी आकार वाढवण्याला अकाली विस्तार म्हणतात. स्टार्टअप जिनोम या प्रकल्पाने 2011 मध्ये सुमारे 3,200 कंपन्यांच्या माहितीवरून काढलेल्या अहवालात, वेगाने वाढणाऱ्या इंटरनेट कंपन्यांपैकी 74 टक्के कंपन्या अकाली विस्तारामुळे कोसळल्या असा निष्कर्ष मांडला होता. ‘अकाली’ची व्याख्या निकाल लागल्यावर करणे सोपे असते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही, पण अमेरिकेत वेबव्हॅन या घरपोच किराणा कंपनीने पहिल्या शहरात नफा दिसण्याआधीच देशभर प्रचंड गोदामांची मालिका बांधण्याचा 100 कोटी डॉलरचा करार केला आणि 2001 मध्ये दिवाळे काढले, तेव्हापासून हा रोग वैद्यांना परिचित आहे.

संस्थापक इतकी घाई का करतात, याचा दोष केवळ त्यांच्या अननुभवाला देणे अन्यायाचे होईल. व्हेंचर कॅपिटल फंडाचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे असते आणि त्या मुदतीत ज्यांचा पैसा घेतला त्यांना तो वाढवून परत करायचा असतो. दहा कंपन्यांत पैसा लावला तर बहुतेक बुडतील किंवा जागच्या जागी राहतील आणि एखाद-दुसरीच इतकी मोठी होईल की सर्वांची भरपाई करील, या गणितावर तो फंड चालतो. फंडाच्या दृष्टीने हे गणित शहाणपणाचे आहे. परंतु संस्थापकाजवळ दहा कंपन्या नसतात, एकच असते. वर्षाला वीस-तीस लाख नफा देणारा, पाच-पंचवीस कुटुंबे पोसणारा तिखटाचा उद्योग दोंडाईच्यात मानाचा धंदा ठरेल, मात्र फंडाच्या वहीत तो अपयशाच्याच रकान्यात जातो. म्हणून त्याला राज्यभर, देशभर पसरण्यास सांगितले जाते, आणि जो उद्योग हळू चालून टिकला असता तो पळायला लागून पडतो. असे किती उद्योग गेले याची नोंद कुठेच होत नाही, कारण कागदावर ते ‘महत्त्वाकांक्षी पण अपयशी’ म्हणूनच राहतात.

करारातील एक कलम तर सामान्य संस्थापकाच्या नजरेतून हमखास निसटते. समजा, गुंतवणूकदाराने 2 कोटी रुपये देऊन 20 टक्के हिस्सा घेतला, म्हणजे कंपनीचे मूल्य 10 कोटी धरले गेले आणि गावात ‘दहा कोटींची कंपनी’ असा बोलबाला झाला. तीन वर्षांनी धंदा मंदावल्यामुळे ती अडीच कोटींना विकावी लागली, तर 80 टक्के मालकी असलेल्या संस्थापकांना वाटेल की दोन कोटी आपले. परंतु करारात अग्रहक्काचे कलम असेल, आणि ते बहुधा असतेच, तर गुंतवणूकदार आधी आपले 2 कोटी उचलतो आणि उरलेल्या 50 लाखांची वाटणी नंतर होते. काही करारांत त्या 50 लाखांतही त्याचा 20 टक्के वाटा असतो, म्हणजे संस्थापकांच्या हाती राहतात 40 लाख. त्यात मूल्यांकन जितके फुगवून घेतलेले असेल तितकी पुढची फेरी अवघड होते, कारण पुढचा गुंतवणूकदार त्याहून कमी मूल्य लावू पाहतो आणि आधीचे नाखूश होतात. 2021 मध्ये भारतीय स्टार्टअपकडे पैशाचा पूर आला होता, तो 2023 पर्यंत ओसरून चौथाईच्या आसपास आला, तेव्हा चढ्या मूल्यांकनावर पैसा घेतलेल्या कितीतरी कंपन्या धंदा ठीकठाक असूनही याच कात्रीत सापडल्या.

मालाच्या धंद्यात याहूनही जुना एक शत्रू आहे, तो म्हणजे खेळते भांडवल. दोंडाईचा-नंदुरबार पट्ट्यात हिवाळ्यात ओली लाल मिरची खरेदी करून मोकळ्या मैदानावरच्या पथारीत वाळवतात. वाळल्यावर तिचे वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, आणि या काळात अवकाळी पाऊस झाला तर माल काळा पडतो. शेतकऱ्याला बाजार समितीत पैसा ताबडतोब द्यावा लागतो. वाळवण, देठ खुडणे, दळण, भरणे यांत दिवस जातात आणि शहरातील मोठ्या दुकानसाखळीला दिलेल्या मालाचे पैसे आणखी दीड-दोन महिन्यांनी मिळतात, त्यामुळे एक रुपया निघाल्यापासून परत येईपर्यंत सहज तीन महिने लागतात. महिन्याला वीस लाखांचा माल विकणाऱ्या कंपनीचे पन्नास-साठ लाख सतत असे वाटेवर अडकलेले राहतात, आणि विक्री दुप्पट झाली की अडकलेला पैसाही दुप्पट होतो. ताळेबंदात नफा आणि बँकेत शून्य, अशी स्थिती यातून येते. ज्यांनी बीजभांडवलातून नवे संगणक, कार्यालय आणि जाहिरात यांची तरतूद केली पण पथारीवर पसरलेल्या मिरचीची केली नाही, ते मागणी असूनही बुडतात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे 45 दिवसांत चुकते करण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने घातले आहे आणि उशीर करणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट लांबणीवर पडण्याची झळ 2023-24 या वर्षापासून बसू लागली आहे. परंतु मोठ्या गिऱ्हाइकाला कायद्याचे कलम दाखवून पुढची ऑर्डर मिळवणारा लघुउद्योजक विरळाच.

शेतीच्या क्षेत्रात स्टार्टअप हे नाव न लावताही हाच प्रकार घडतो, तो शेतकरी उत्पादक कंपन्यांत. 2002 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांनीच मालकी ठेवायची ही नवी रचना आली, आणि 2020 मध्ये केंद्राने अशा 10,000 संस्था उभारण्याची योजना जाहीर केली. तिच्यात प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत आणि सभासदांच्या भागभांडवलाइतकेच, जास्तीत जास्त 15 लाख, अनुदान ठेवले आहे. पहिली तीन वर्षे मुख्याधिकाऱ्याचा पगार, जागेचे भाडे, हिशेबनिसाचे मानधन या अनुदानातून भागते, म्हणून संस्था चालू असल्याचा भास होतो. त्या काळात खते-बियाणे विकण्यापलीकडे स्वतःचा धंदा उभा राहिला नसेल, तर चौथ्या वर्षी मुख्याधिकारी दुसरीकडे जातो आणि कंपनी केवळ निबंधकाच्या यादीत उरते. सरकारी अनुदान असो वा खासगी भांडवल, मुदतीचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. फरक इतकाच, की खासगी गुंतवणूकदार तिसऱ्या तिमाहीला जाब विचारतो, तर अनुदान देणारे खाते उपयोगिता प्रमाणपत्र मागते.

माणसांच्या भांडणाबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या नोम वॉसरमन या अभ्यासकाने 2012 मधील आपल्या पुस्तकात, गुंतवणूकदारांच्या मते 65 टक्के अपयशांचे मूळ व्यवस्थापनातील माणसांच्या प्रश्नांत असते, या जुन्या निष्कर्षाचा आधार घेतला आहे. मित्रांनी कट्ट्यावर बसून समान वाटे ठरवायचे आणि पैसा आल्यावर कोण किती काम करतो याचा हिशेब काढायचा, ही भांडणाची ठरलेली वाट आहे. हिस्सा एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचा होईल अशी अट सुरुवातीलाच लिहून ठेवली, तर अर्ध्या वाटेत निघून जाणारा मित्र पाव कंपनी घेऊन जात नाही. भांडण संचालक मंडळात गेले तर काय होते, ते मुंबईच्या हाउसिंग डॉट कॉमने दाखवले. आयआयटी मुंबईच्या बारा विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये काढलेल्या या कंपनीत डिसेंबर 2014 मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने 9 कोटी डॉलर आले, आणि 1 जुलै 2015 रोजी संचालक मंडळाने तिच्या तरुण मुख्याधिकाऱ्याला पदावरून दूर केले. पुढे मोठी कपात झाली आणि जानेवारी 2017 मध्ये ती प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. पैशाबरोबर मालकी थोडी जाते आणि अधिकार बराच जातो, ही गोष्ट सही करताना सांगणारे फार थोडे असतात.

भांडवलाच्या बाबतीत खानदेशाचा स्वतःचा अनुभव स्टार्टअप या शब्दापेक्षा पुष्कळ जुना आहे. जळगावचे उद्योजक भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली, 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन काढले आणि नंतर ठिबक सिंचनात नाव मिळवले. 1990 च्या दशकात त्यांच्याच उद्योगसमूहाच्या हाती परदेशी बाजारातून भांडवल आले, तेव्हा तो वित्तसेवा आणि माहिती तंत्रज्ञान अशा, पाण्याशी व शेतीशी नाते नसलेल्या, क्षेत्रांत शिरला आणि मोठा तोटा सोसून माघारी आला. अनुभवी उद्योजकालाही हाती आलेला पैसा आडवाटेला नेतो, तर पंचविशीतल्या संस्थापकाकडून संयमाची अपेक्षा किती करावी?

दुसरे उदाहरण अमळनेरचे आहे आणि ते भांडवलाच्या वेगळ्या स्वभावाचे आहे. 29 डिसेंबर 1945 रोजी तेथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली आणि 1946 मध्ये तिचे समभाग लोकांना विक्रीस निघाले. शेंगदाण्याच्या मुलखात वनस्पती तुपाचा कारखाना, गिऱ्हाईक ठाऊक असलेले, माल दाराशी येणारा, असा तो उद्योग होता. समभाग घेणाऱ्या स्थानिक कुटुंबांना पाच किंवा दहा वर्षांत पैसा काढून घेण्याची मुदत नव्हती. 1966 मध्ये संस्थापकाच्या निधनानंतर एकवीस वर्षांचा मुलगा सूत्रे घ्यायला आला, तेव्हा भागधारकांच्या सभेत एकाने उठून त्याला आपला हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून टाकण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही, आणि इतर भागधारकांपैकीही अनेकांनी कागद जपून ठेवले. त्या कंपनीचे आजचे नाव विप्रो आहे, आणि तिचे समभाग अमळनेरच्या अनेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत.